मुखवट्याच्या मिशा

“आजोबा, शेक घेतल्यावर तुम्ही अंधारात चमकता का हो?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून त्या शाळकरी मुलीनं रेडिएशनच्या वेटिंग रूममध्ये बेधडक विचारून टाकलं. उत्तर शेजारच्या आजींनी दिलं.

“कसले चमकतायत! चमकले असते तर स्वतःचा चष्मा तरी सापडला असता.”

“चष्मा तुझ्याच पर्समध्ये आहे,” म्हणत आजोबा मुलीकडे वळले. “पोरी, तुझं काय गं?”

“मानेत गाठ. लसिका ग्रंथींचा दुर्मिळ आजार आहे. ऑपरेशनमध्ये अर्धीच निघाली, उरलेली नसेला चिकटलीय. तिला शेक द्यायचा म्हणतात. पण मान हलू नये म्हणून तो जाळीचा मुखवटा तोंडावर घट्ट बसवून टेबलाला अडकवतात ना... मी नाहीच म्हणून सांगितलंय.”

“पहिल्या दिवशी हे ‘घरी चल’ म्हणून अडून बसले होते.”

“साफ खोटं! मला शिंक येत होती.”

“मग मी यांच्या मुखवट्याला मिशा काढल्या. चाळीस वर्षं मागे लागले होते, ठेवू दिल्या नव्हत्या.”

“आता मशीनवाला मला सलाम ठोकतो.”

“आज अठरावा शेक. माज बघ मिशांचा!”

तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून आईबाबा पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आले.

“आई, बाबा, मी शेक घेणार,” ती म्हणाली. “फक्त माझे स्केचपेन आणा. मला मिशा नकोत, अख्खा वाघ हवाय.”