रिक्षात न मावलेला शब्द

कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगतो. पण घरात कुणी अडलं की मी गप्प बसत नाही.

भोसरीच्या आमच्या दोन खोल्यांत सून नोकरीची ऑनलाइन परीक्षा देत होती. मजकुराच्या सारख्या लांबीच्या ओळी पाडणारा प्रोग्राम लिहायचा होता. मध्येच थांबली.

"काय झालं?"

"आप्पा, शब्द ओळीत मावला नाही तर पुढच्या ओळीत न्यायचा. पण शब्द ओळीपेक्षाच मोठा असला तर?"

"शेअर रिक्षासारखं कर. घरची माणसं फोडायची नाहीत. मावली नाहीत तर पुढची रिक्षा."

तिनं तसंच लिहिलं. स्क्रीनवर रिकाम्या ओळी धावायला लागल्या, थांबेनात.

"आप्पा, रिक्षा रिकाम्याच चालल्यात. कुटुंब अजून रस्त्यावर उभं आहे."

"उभं राहू दे."

"वेळ संपत आलाय माझा!" म्हणत तिनं ओळीच्या कडेला शब्द तोडला. प्रोग्राम चालला. नोकरी लागली.

पुढं मुलगा आणि ती आकुर्डीला वेगळे राहायला निघाले. सामान बांधताना ती माझ्याकडं बघेना.

"आप्पा, सहा माणसं दोन खोल्यांत..."

मी म्हटलं, "टेम्पो सांगितलाय का?"