बाबाच्या खोक्यातलं पत्र

नेइआफू या बेटावरच्या गावातल्या पोस्टात वाइनिसि पार्सल घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारी, तिची नात लुपे आणि ऑस्ट्रेलियाला जायचं खोकं.

“वाच बघू, बापाला काय लिहिलंस.”

“आजी, फोननं लिहून दिलंय. शाळेचे निबंधही तोच लिहितो, एक चूक नसते. ऐक. ‘परमपूज्य पिताश्री, आपण आणखी एक हंगाम टोमॅटोच्या मळ्यावर थांबावे की परतावे, याबाबत आपला निर्णय आम्हांस शिरोधार्य आहे.’”

“बापाला लिहितेस की राजाला? राजाशी बोलायची भाषा झाली ही!”

“पण छान आहे ना?”

“छानच आहे. वाचून तो तिथंच थांबेल.”

“थांबा असं कुठं लिहिलंय?”

“ये म्हणून तरी कुठं लिहिलंय? तुला तो यायला हवाय ना?”

“हो.”

“मग?”

“ते मी फोनला सांगितलंच नाही.”

“का गं?”

“ते बाबाला सांगायचंय. फोनला कशाला सांगू?”

म्हातारीनं लुपेला बाजूला घेतलं, तिच्या हातातला पत्राचा कागद उलटा करून खोक्यावर ठेवला.

“बाई, पेन आहे का?”

वाइनिसिनं दिलं.

थोड्या वेळानं खिडकीतून तिला हाक आली. तिनं मागच्या माणसाला वाट दिली.

“तुम्ही व्हा पुढं. माझं पेन अजून कामात आहे.”