डब्यातला ठेचा

आईनं माही इज्जत कशी वाचवली, ते सांगतो. मी पांढुर्ण्यात घरी बसून कर्नलचं काम करतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं. हा कर्नल प्रत्येक ड्रायव्हरले, म्हणजे कॅमेरा-माउस चालवणाऱ्या प्रोग्रामले, काम सांगताना सोबत माहितीचा एक जादा तुकडा, पॅरामीटर, देत होता. तो कोणीच वापरत नव्हतं. मी तो काढला अन् म्हटलं, हा बदल सोमवारी बाकीच्या कर्नलवाल्याईले पाठवून देऊ.

आई म्हणे, "दोन दिवस झाले, काय करून राहिला?"

म्हटलं, "तू बाबाच्या डब्यात रोज ठेचा देते. बाबाले ॲसिडिटी, ते खात नाहीत. तरी तू देते. तसलंच एक काढून राहिलो."

आईले पटलं. दुसऱ्या दिवसापासून ठेचा बंद.

सोमवारी सकाळी गणपतकाका दारात उभे. आमच्या संत्र्याच्या बगीच्याले लागूनच त्याईचं वावर आहे. चप्पल काढेनात, आत येईनात. म्हणे, "वहिनी, माह्याकडून काही चुकलं काय?"

बाबा इतकी वर्षं तो ठेचा त्याईलेच देत होते.

आईनं काकाले चहा पाजला, ठेचा बांधून दिला, अन् मले एवढंच म्हणे, "तुह्या त्यातही पाहून घे बापा, शेजारी कोणी खात असन."

मी हसलो. पण पाठवायच्या आधी पाहिलं. मी फक्त माह्या लॅपटॉपवर लागणारे ड्रायव्हर तपासले होते. बाकीचे उघडले, तर जुन्या टीव्ही कार्डाचा एक ड्रायव्हर निघालाच. बसला होता मुकाट्यानं ठेचा खात.