उगवतीकडचं स्वयंपाकघर

भिकाजी : पायाची खुंटी हितं मारू की नको, येवढंच सांगा हारुनशेठ. आखणीच्या फक्कीचं घमेलं धरून हात भरून आला माझा.

हारुन : मारा मिस्त्री. नकाशात काळी रेघ हाय तिथंच.

नसीमा : नका मारू. तिथं माझं स्वयंपाकघर काळोखात जातंय.

हारुन : अगो, कुवेतच्या इंजिनियरकडनं काढून आणलाय नकाशा. भिंती जाड, खिडक्या लहान. बाहेर आग पेटली तरी आत गार.

नसीमा : तिकडं पेटत असेल. आपल्या दाभोळात चार महिने पावसानं भिंतींना बुरशी येते, ता त्या इंजिनियरला सांगितलंत काय?

भिकाजी : भाबींचं बरोबर हाय.

हारुन : तुम्ही कुणाचे मिस्त्री?

भिकाजी : मी भिंतीचा. भिंत ओली राहिली की शिव्या मलाच पडतात.

हारुन : अठरा दिवस उरलेत माझ्या रजेचे. पाया भरल्याशिवाय मी जायचा नाय. बोल लवकर, कुठं हवंय तुला?

नसीमा : इथं, उगवतीकडं. ओट्यासमोर लांब खिडकी. सकाळचं ऊन भाकरीच्या पिठावर पडलं पाहिजे. मावळतीला दर्याकडं पडवी, नि तिचं छप्पर खाली उतरतं. दुपारचा ताप नि पावसाची झड, दोन्ही बाहेरच्या बाहेर.

हारुन : ऊन बरोबर इथंच येतं, ता कशावरनं?

नसीमा : सात वर्षं ह्या जागेत सोलं नि सुकट वाळवतेय मी. उन्हामागं चटई सरकवत. आता डिसेंबरात सकाळी फणसाच्या बाजूला, मे महिन्यात विहिरीकडं. डोळे मिटून सांगीन.

भिकाजी : काय समजलात शेठ? तुमचा इंजिनियर बिचारा हितं एक दिवस तरी सुकट वाळवायला बसला व्हता?

हारुन : हसा, हसा. पण उगवतीला रस्ता नि पुढचं दार. तिथला हॉल मागं गेला तर लोक काय बोलतील? कुवेतला जाऊन आला नि दारातच भांडी.

नसीमा : पाहुणे ईदेला येतात. भाकऱ्या रोज होतात. आताच्या घरात तुमची आई तांदूळ निवडायला उंबऱ्यावर येऊन बसते. आत दिसत नाय तिला.

हारुन : आईनं मला कधी लिहिलं नाय ता.

नसीमा : परदेशी असलेल्या लेकाला कोण लिहितं असलं?

हारुन : ...बरं. हरलो मी. आणि खिडकीखाली हे काय आखलंस?

नसीमा : कट्टा. चिऱ्याचा. सकाळी उन्हात चहा प्यायला.

हारुन : एकटीला एवढा लांब?

नसीमा : दोघांना.

हारुन : वर्षाचे चाळीस दिवस मी हितं असतो, नसीमा.

नसीमा : चाळीस दिवसांसाठी कुणी घर बांधतं होय?

(भिकाजी उगाच दोरी गुंडाळत राहतो.)

हारुन : मिस्त्री, सगळ्या खुंट्या उपटा. भाबी दाखवतील तिथं मारा.

भिकाजी : आणि कट्टा?

हारुन : हातभर वाढवा. आईपण बसेल. ...नसीमा, अजून दोन वर्षं. मग येईन ता परत जायला नाय.

नसीमा : या सावकाश. तवर मी मधोमध बसते.