मारोतीभाऊंच्या छातीचा फोटो

मंडळी, तीर्थपुरीचं सगळं गाव आज इथं बसलंय. आपले मारोतीभाऊ गेले, त्यांच्याबद्दल बोल म्हणून मला उभं केलंय. खरं सांगतो, मला अजून भीती वाटून राह्यली.

तुमच्यासाठी ते गिरणीवाले. मी सलीम, त्यांच्या शेजारचा सायकलवाला. खोकला लागला तेव्हा आपण सगळेच म्हणालो, पीठ गेलं असंल छातीत. मंग एक्स-रेत डाग निघाला. टीबी समजून गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या चालू, तापबी चालू. भाऊंनी आपलं ताट वेगळं केलं. धाकटी लेक मनीषा जवळ आली की म्हणायचे, "तिथंच थांब, बाई."

शेवटी औरंगाबादला सीटी स्कॅन करायला सांगितलं. भाऊ, सरूवहिनी अन् मी गेल्तो. ते गोल यंत्र पाहून भाऊंनी माझं मनगट धरलं. "सलीम, आत श्वास रोखायला सांगतेत. मधीच खोकला आला तर?" दार लागलं. वहिनी अन् मी बाहेर बाकड्यावर बसलो.

डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या काचेवर लावले. फुफ्फुसात पांढरे गोळे, मधोमध सुजलेल्या गाठी. म्हणाले, "हे टीबीसारखं दिसत नाही. पण सुईनं तुकडा काढून तपासल्याशिवाय मी नाव घेणार नाही." त्याचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले, विचारू नका. मंग नाव कळलं. लिम्फोमा. गाठींचा कॅन्सर.

भाऊंनी एकच विचारलं, "हे लेकरांना लागतं का?"

"नाही."

"बराबर सांगा, डॉक्टरसाहेब."

"बिलकुल लागत नाही."

घरी आले, मनीषाला मांडीवर घेतलं, तिच्या ताटात जेवले. वहिनी पाठ फिरवून रडत होत्या.

मंग कॅन्सरच्या औषधाच्या सलाइनी झाल्या. केस गेले. थोडं बरं वाटलं, पुन्हा गाठी वाढल्या. भाऊ भ्यायचे, मंडळी. भ्याले न्हाईत असं खोटं मी सांगणार न्हाई. भ्याले की मला हाक मारायचे. मी जायचो, नुसता बसायचो.

अन् मला आज कशाची भीती? रोग लागंल म्हणून त्या घरचा पेला हातात घ्यायला अजून काही जण कचरतेत. मी पाह्यलंय. उद्या शाळेत मनीषाशेजारी कुणी बसलंच न्हाई तर?

आता उभे राहा. भाऊंसाठी दोन मिनिटं गप्प राहू. मंग सगळे त्यांच्या घरी चला. मनीषा पाणी आणून देईल. घ्या, अन् तिच्यासमोर प्या.