खोळ

शेवटच्या फोनवर अर्पिताच्या वडिलांनी, अण्णांनी, एवढंच विचारलं होतं, "गेम लई अडकतीय. कॉम्प्युटरात नवं कार्ड टाकू का? मग खेळू दोघं." अर्पिता म्हणाली होती, "भंगारात काढा तो. दिवाळीत नवा बघू." दुसऱ्या दिवशी अण्णा गेले.

महिन्याभराने तोच कॉम्प्युटर विकायला ती धाराशिवच्या दुकानात बसली होती. पुढे येडशीचे बापलेक भांडत होते.

"पप्पा, नवाच घ्या. ह्याच्यावर गेम अडकती."

"कार्ड टाकू की. तुला सगळं नवंच लागतंय!"

"खेळणार मी का तुमी?"

"दोघं. हरायला कुणीतरी पायजे ना तुला."

दुकानदाराने त्यांच्या कॉम्प्युटरवरची कापडी खोळ धरून विचारलं, "काका, कॉम्प्युटर चालू असताना ही खोळ काढता का न्हाय?"

"कशाला काढू? धूळ बसती."

"उन्हाळ्यात तुमी स्वेटर घालता व्हय? तापतोय, म्हणून अडकतोय. खोळ काढा फक्त. कार्ड नको, नवा बी नको."

बापलेक हसत निघून गेले.

"ताई, तुमचा विकायचाय ना?"

अर्पिताच्या मांडीवरच्या कॉम्प्युटरला अण्णांनी शिंप्याकडून शिवून घेतलेली खोळ होती. तिने नाडी सोडली.

"अण्णा," ती मोठ्याने म्हणाली, "मला तुमच्यासंगं खेळायला लई आवडायचं."