सिक्सबी आणि अक्काच्या सुरकुत्या

तुम्ही हसाल, पण पेन्सिलीवरून मी धुळ्यात थोरल्या बहिणीशी, अक्काशी भांडलो.

तिला बैठकीत लावायला स्वतःचं चित्र हवं होतं. कोणती पेन्सिल बरी ते ठरवायला मी तिचा चेहरा दोनदा काढला. फिकट एचबीत सुरकुत्या दिसेनात. गडद सिक्सबीत एकूणएक सुरकुती उमटली.

"हाई कोण म्हातारी शे?"

"तूच! बातमीदार आहे मी, जन्मभर खरं तेच लिहिलं."

"मंग बातम्याच लिख. मी नही बसत," म्हणत ती उठली.

"बस गं अक्का!"

"मंग तोंड फिक्या पेन्सिलनी काढ. केस त्या गडद पेन्सिलनी काया कर."

माझ्या मजकुरातला एक शब्दही मी कुठल्या संपादकाला बदलू दिला नाही. अक्काचे पांढरे केस काळेभोर केले आणि वर विचारलं, "भुवयाही करू का?"